हलका बूट घेताय? त्यातून काय काढलंय ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न : डोंगरवाटा आणि भटकंती

प्रश्न : ताई, माझं वय ५७. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच मैत्रिणी हिमाचलमधल्या हम्पता पासला जाणार आहोत. गेल्या महिन्यात राजगड उतरताना पाली दरवाज्याच्या खाली माझ्या उजव्या बुटाचा अख्खा सोल सुटून हातात आला. सुतळीने बांधून कशीबशी गाडीपर्यंत पोचले. बूट चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, चांगलेच जड. घेऊन दहा-बारा वर्षं झाली, पण वापर फार नाही. मधली चार वर्षं तर माळ्यावरच होते. आता हलके घ्यायचे आहेत. मुलगी न्यू जर्सीत असते, ती म्हणते इकडून नावाजलेल्या कंपनीचे पाठवते. दुकानदार म्हणतो, हाय अँकल आणि वॉटरप्रूफच घ्या. ग्रुपमधल्या तरुण मुली म्हणतात, ट्रेल रनिंगचे शूज पुरतात. माझे गुडघे थोडे कुरकुरतात. नेमकं काय घेऊ? आणि जुने दुरुस्त होतील का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जुन्या बुटांपासून सुरुवात करते. तुमचा सोल झिजून निघालेला नाही. तळाचं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये फोमचा एक जाड थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. जुन्या धाटणीच्या जड बुटांत तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. हे पॉलियुरेथेन दमदार असतं, वर्षानुवर्षं चाललात तरी चेपत नाही. पण हवेतल्या बाष्पाशी त्याची सावकाश रासायनिक क्रिया होते आणि ते आतल्या आत विरत जातं. बूट वापरला नाही म्हणून हे थांबत नाही. उलट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर टाकलेल्या बुटात ओल कोंडते आणि काम लवकर होतं. ‘वापर फार नाही’ हे तुमचं वाक्य मला म्हणूनच काळजीचं वाटलं. नेहमी वापरातले बूट झिजताना दिसतात, आपण सावध होतो. माळ्यावरचे बूट वरून नवे दिसतात आणि भर उतरणीवर दगा देतात.

डावा बूट हातात घ्या आणि मिडसोलच्या कडेवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. फोम चांगला असेल तर दबून परत वर येतो. गेलेला असेल तर नख रुततं, बारीक भेग पडते आणि शिळ्या खोबऱ्याच्या वडीसारखा भुगा बोटाला लागतो. भुगा आला तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, कारण गोंद धरणार कशाला? खालचा थरच उरलेला नाही. फोम टणक असेल आणि फक्त चिकटवलेला जोड उघडला असेल, तर मोच्याकडून चिकटवून वर कडेने शिवून घ्या आणि तो जोड सिंहगडाच्या फेऱ्यांना ठेवा. हम्पताला मात्र नको. ज्या ठिकाणाहून गाडीरस्ता दोन दिवसांवर आहे, तिथे एकदा सुटलेला सोल नेऊ नये.

आता नवे. हलके घ्यायचा तुमचा विचार योग्य आहे, आणि तुमच्या वयाला व गुडघ्यांना तर फारच योग्य. तुमचे जुने बूट जोडीला दीड किलोच्या पुढे असणार. नवे एक किलोच्या आसपास धरले तर पायामागे पाव किलो कमी झालं. दिवसाला वीस हजार पावलं चाललात, तर प्रत्येक पावलाला पाव किलो याप्रमाणे पाच हजार किलो कमी उचलले. शिवाय पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट दमवतं. चालणाऱ्या माणसाला किती प्राणवायू लागतो ते मोजून १९६९ सालीच हे दाखवलेलं आहे. पाठीवरची सॅक हलकी करायला आपण टूथब्रशचा दांडा कापायला निघतो आणि पायातल्या बुटाचं वजन कधी विचारतही नाही.

पण दुकानात गेल्यावर एक गोष्ट मनात पक्की धरा. बूट हलका आहे, म्हणजे बनवणाऱ्याने त्यातून काहीतरी काढलेलं आहे. काय काढलं ते शोधणं हेच तुमचं काम. नाव, रंग, किंमत हे सगळं त्यानंतर.

काही गोष्टी काढल्या तर बिघडत नाही. जाड चामड्याच्या जागी जाळीदार कापड आलं, तर वजन उतरतं आणि बूट लवकर वाळतो. तळातली पोलादी पट्टी जाऊन नायलॉनची आली, तरी खेचरावर सामान देऊन चालणाऱ्या तुमच्यासारख्यांना काही फरक पडत नाही. पॉलियुरेथेनऐवजी ईव्हीए फोम आला, हेही चालेल. तो हलका असतो आणि दमटपणाने विरत नाही. मात्र चालून चालून चेपतो आणि त्याच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडतात. त्या दिसल्या की बुटाचे दिवस भरत आले समजा.

काही गोष्टी मात्र काढलेल्या असतील तर तो बूट परत ठेवा. बूट उलटा करा. तळाला रबर टाचेपासून चवड्यापर्यंत सलग आहे का? पुष्कळ हलक्या शूजमध्ये टाचेला नि चवड्याला रबराचे तुकडे आणि मध्ये उघडा फोम असतो. शहरातल्या पळण्याला ते ठीक आहे. धारदार दगडावर मधला भाग टेकला की तो फोम फाटतो. रबराचे दात चार-पाच मिलिमीटर तरी खोल हवेत आणि त्यांच्यात अंतर हवं, नाहीतर चिखल भरून तळ सपाट होतो. मग टाचेमागचा भाग चिमटीत धरून दाबा. तो सहज चेपला तर उतरणीवर टाच आत डुलणार. पुढे बोटांवर रबराचं टणक आवरण हवंच, दगडाला ठेच लागते तेव्हा त्याची किंमत कळते. शेवटी टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून ओला पंचा पिळतो तसं पिळून बघा. बुटाने जरा विरोध केला पाहिजे. आणि वाकवलात तर चवड्याच्या रेषेवर वाकला पाहिजे, जिथे आपलं पाऊल वाकतं तिथे. पोटात मधोमध दुमडणारा बूट हम्पताच्या दगडगोट्यांत तळपायाचे हाल करतो.

तळावर पिवळा अष्टकोनी शिक्का दिसेल, व्हिब्रम या रबरी तळ बनवणाऱ्या कंपनीचा. त्याचा इतिहास मला नेहमी आठवतो. १९३५ मध्ये इटलीतल्या आल्प्समध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाच्या गटातले सहा जण वादळात अडकून दगावले, आणि त्यामागे पायातल्या अपुऱ्या जोड्यांचाही भाग होता. त्या काळी तळाला खिळे ठोकलेले बूट घालत. ब्रामानींनी त्यानंतर दोन वर्षांत दातेरी रबरी तळ आणला. आज आपण बुटाच्या तळाला जे दात बघतो त्यांचं मूळ तिथे आहे. तरीही, या एकाच शिक्क्याखाली वेगवेगळ्या मिश्रणांचं रबर येतं. कुठलं टिकाऊ आणि कडक, कुठलं ओल्या खडकाला धरणारं पण लवकर झिजणारं. तेव्हा शिक्का बघून निश्चिंत होऊ नका. नखाने रबर दाबून बघा, किंचित तरी दबलं पाहिजे.

आता तुमच्या वाटेचं बघू, कारण बूट वाटेसाठी घ्यायचा असतो. जोब्रा ते चिका आणि पुढे बालू का घेरा ही नदीकाठची, गोट्यांची, मधूनमधून ओढ्यांची वाट. तिसऱ्या दिवशी साधारण ४,२७० मीटरवरची खिंड आणि पलीकडे शिया गोरूकडे अंगावर येणारी उतरण. जूनच्या शेवटी खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फ असतो. बर्फात बुटाचं टोक मारून पायरी करावी लागते आणि मऊ टोकाच्या शूजमध्ये बोटं ठेचकाळतात. तिथे बुटावर चढवायला मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात रुतणारे छोटे खिळे, देतात. त्यांचा रबरी पट्टा मऊ पळण्याच्या शूजवर चढवला की बोटं आवळली जातात, आणि आधीच गारठलेल्या पायाचं रक्त आणखी अडतं. म्हणून ट्रेल रनिंगचे शूज तुम्हाला नकोत. सप्टेंबरात गेला असतात तर मी आनंदाने हो म्हटलं असतं.

दुकानदाराचं अर्धं ऐका. वॉटरप्रूफ घ्या, पण का ते समजून घ्या. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवता येतो हे शोधलं. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. बुटात असा पडदा असेल तर वितळत्या बर्फात दिवसभर मोजे कोरडे राहतात, आणि चार हजार मीटरवर कोरडे मोजे फार मोलाचे आहेत. पण पाणी वरून, घोट्यातून आत गेलं, तर तोच पडदा ते बाहेर पडू देत नाही. शिया गोरूहून छत्रूकडे निघताना सकाळी जो प्रवाह ओलांडतात त्याचं पाणी गुडघ्याला लागू शकतं. तिथे बूट घालून उतरू नका. मागे पट्टा असलेले सँडल सोबत ठेवा. बूट-मोजे सॅकमध्ये टाका, सँडलवर ओलांडा, पाय पुसून कोरडे मोजे चढवा. अनवाणी तर मुळीच नाही. त्या पाण्यात अर्ध्या मिनिटात तळपाय बधिर होतो आणि दगड लागला तरी कळत नाही.

उंचीबद्दल माझं मत दुकानदाराहून वेगळं आहे. हलक्या बुटाची घोट्याभोवतीची गादी मुरगळ अडवते असं मी मानत नाही. ती खडे आणि बर्फ आत येऊ देत नाही, घोट्याचं हाड दगडाला घासण्यापासून वाचवते, एवढं तिचं काम. मुरगळ वाचवतात ते पोटरीचे नि घोट्याचे स्नायू. आजपासून दात घासताना एका पायावर उभ्या राहा, सकाळी डावा, रात्री उजवा. जमायला लागलं की डोळे मिटून. तुम्ही घोट्याला झाकेल एवढीच, मध्यम उंची घ्या. बर्फासाठी तेवढी लागेल.

थोडक्यात तुमची खरेदी अशी : मध्यम उंचीचा, आत जलरोधक पडदा असलेला, पुढे टणक, पिळला तर विरोध करणारा आणि जोडीला एक किलोच्या आतबाहेर. पुण्यातल्या मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत असे मिळतात. वजन लिहिलेलं नसेल तर काट्यावर ठेवून बघायला मागा. संकोच करू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. मुलीला प्रेमाने नाही म्हणा. तिचा आग्रह मी समजू शकते, पण बूट पायात घालून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. शिवाय मापांचा घोळ आहे. आपल्याकडे बहुधा यूकेचं माप चालतं आणि अमेरिकेतलं बायकांचं माप त्याहून साधारण दोन अंकांनी मोठं असतं. तिकडचा ८ म्हणजे इकडचा ६. परत पाठवायचा तर अर्धा जून निघून जाईल. तिला काही द्यायचंच असेल तर मेरिनो लोकरीचे मोजे मागवा, दोन जोड. ते ओले झाले तरी ऊब देतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात, आणि भिजलेली मऊ कातडी घासली गेली की फोड येतो.

दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय दिवसभराने थोडे सुजलेले असतात. डोंगरात सुजतात तितके. मोजे घरचे न्या. बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (पुष्कळ जणींचं दुसरं बोट लांब असतं) एक ते दीड सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे आणि करंगळी इनसोलच्या बाहेर लोंबता कामा नये. आपण जन्मभर चपला घालून वावरतो, पंजा पसरलेला असतो. बायकांच्या साच्यात पंजा आवळत असेल तर पुरुषांचा लहान नंबर घालून बघा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त टाच सैल होत नाही ना ते पाहा.

मग लेस बांधून दुकानाच्या जिन्यावर जा. चढून नव्हे, उतरून बघायचं. मी माझ्याबरोबर ट्रेकला येणाऱ्या बायकांना सांगते, बूट चढावर सगळेच चांगले वाटतात, परीक्षा उतारावर. जिना उतरा, तीनचार वेळा टोक जमिनीवर आपटा. बोटं पुढे टेकली तर तो नंबर तुमचा नाही. शिया गोरूच्या उतरणीवर ती हजारो वेळा टेकतील आणि नखं काळी पडतील. उलट, चढताना टाच आत वर उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या दोन हुकांमध्ये लेस एकेक वळसा जास्त घालून, ओढून बघा. तरीही उचलली गेली तर दुसरा बूट.

हे सगळं एप्रिल संपायच्या आत करा. पहिला आठवडा घरात, फरशीवर, म्हणजे टोचलं तर दुकान परत घेईल. मग पर्वती. मग आतकरवाडीतून सिंहगड, ट्रेकला नेणार तीच सॅक आणि तेच मोजे घेऊन. हलके बूट लवकर रुळतात हे खरं, पण इथे बूट रुळण्यापेक्षा तुमचा पाय कुठे घासतो हे कळणं जास्त गरजेचं आहे. कुठे गरम लागलं की तिथल्या तिथे थांबा, मोजा काढा, कोरड्या कातडीवर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर फारसं काही करण्यासारखं उरत नाही. उतरायला लागण्याआधी लेस पुन्हा घट्ट करा, दर वेळी. मी गुंजवण्यात असो वा मनालीत, उतरणीच्या तोंडाशी सगळ्यांना खाली बसवून लेस बांधायला लावते. आणि निघायच्या तीनचार दिवस आधी नखं कापा, आदल्या रात्री नव्हे.

गुडघ्यांसाठी बुटापेक्षा दोन काठ्या जास्त कामाच्या. एक नव्हे, दोन. सिंहगड उतरताना त्यांची सवय करून घ्या.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. या पावसाळ्यात कळसूबाई, रतनगड आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड करायचे आहेत. पंधराशेच्या वर खर्च जमणार नाही. वॉटरप्रूफ शूज त्यात बसत नाहीत. काय करू?
— संगमनेरचा एक विद्यार्थी

उत्तर : वॉटरप्रूफ बसत नाहीत हे चांगलंच झालं. सह्याद्रीच्या पावसात पाणी घोट्यातूनच आत जातं आणि वॉटरप्रूफ बूट दोन दिवस वाळत नाही. तुला पाणी आत येऊन लगेच बाहेर जाणारा जोड हवा. आपल्याकडे वर्षानुवर्षं भटकी मंडळी अॅक्शनचे ट्रेकिंग शूज किंवा कॅनव्हासचे हंटर घालून गड करत आली आहेत, ते तुझ्या पैशात बसतील. हंटरचा तळ पातळ असतो, दिवसभरात तळपाय ठणकतात. त्यात शंभर-दोनशेचा वेगळा इनसोल घाल. म्हणून अर्धा नंबर मोठा घे, आणि इनसोल घालूनच माप बघ.

घेतल्यावर एकदा ओल्या सिमेंटच्या उतारावर चालून बघ. पण एक ध्यानात ठेव, शेवाळावर कुठलाच तळ धरत नाही, दहा हजारांचाही नाही. पाऊल टाकताना हिरवा, काळपट, चकाकणारा कातळ सोडून खडबडीत जागा शोधायची. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या भिजल्यावर फार निसरड्या होतात. उतरताना शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात धरून उतर. मागे रांग लागली तरी घाई करू नकोस.

प्रश्न : दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये बूट पहिल्याच दिवशी भिजतात. गावात चुलीपाशी ठेवले तर सकाळी कडक होतात. कसे वाळवायचे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : चुलीपाशी ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. इनसोल बाहेर काढा, लेस पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढा, आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने ते ओले होतात, ते काढून नवे घाला. झोपण्याआधी दोनतीनदा बदललेत तर सकाळी बूट ओलसर असतो पण पाणी निथळत नाही. म्हणून सॅकमध्ये जुना अंक नेहमी ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. मोजे मात्र दुसऱ्या दिवसासाठी कोरडेच हवेत, ते पिशवीतून फक्त निघताना काढा. घरी आल्यावर चिखल साध्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने काढा, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, सावलीत वाऱ्यावर वाळवा. आणि वाळल्यावर पिशवीत न बांधता उघड्यावर, वारा लागेल असे ठेवा.